थंडीत कान जपा, कानाचे मशीनही जपा



डिसेंबर लागला की आपल्या सोलापूरची पहाट बदलते. मे महिन्यात ज्या पत्र्याखाली दुपारी बसवत नाही, त्याच पत्र्याखाली आता रात्री दोन-दोन चादरी लागतात. भवानी पेठेत सकाळच्या पाळीला निघालेला कामगार कानाला मफलर गुंडाळून सायकल हाणताना दिसतो. घोंगडे वस्तीत चहाच्या गाड्याभोवती माणसे कानांवर हात धरून उभी असतात. यंत्रमागांच्या शेडमधला खडखडाट मात्र उन्हाळा असो की हिवाळा, तसाच चालू असतो. साऱ्या देशाला पांघरूण पुरवणारे हे आपले गाव. पण ती चादर विणता विणता किती विणकरांचे कान गेले, याचा हिशेब कोणी ठेवला आहे काय?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या गल्लीत एक आजोबा आहेत. तीस-बत्तीस वर्षे त्यांनी माग चालवले. दोन्ही कानांनी कमी ऐकू येते. विहारात येत, पण मागे भिंतीला टेकून बसत. वंदना तोंडपाठ असल्यामुळे ओठ हलत, पण भन्तेजींचे प्रवचन त्यांच्यापर्यंत पोचतच नसे. मग एका शिबिरात त्यांना कानामागे लावायचे मशीन मिळाले. त्या आठवड्यापासून आजोबा पहिल्या रांगेत येऊन बसू लागले. प्रवचन संपल्यावर प्रश्नही विचारू लागले. चार महिने असे गेले आणि थंडी सुरू झाल्यावर आजोबा दिसेनासे झाले.

आम्हाला वाटले, म्हातारा माणूस, पहाटेच्या गारठ्यात बाहेर पडत नसेल. जानेवारीत एकदा घरी गेलो. सुनेने चहा ठेवला आणि म्हणाली, "मामा आता कुठंच जात नाहीत. मशीन बंद पडलंय." आजोबांनी ट्रंकेतून रुमालात बांधलेले मशीन काढले आणि आमच्या हातावर ठेवले. "थंडीनं गारठलं बघा ते. माझ्यागतच म्हातारं झालं."

आम्ही काही डॉक्टर नव्हे. पण उजेडात धरून पाहिले, तर मशीनच्या पारदर्शक नळीत पाण्याचे दोन थेंब अडकलेले होते. कानात बसणाऱ्या साच्याचे भोक मळाने बुजले होते. बॅटरी तर केव्हाचीच संपलेली. साचा पुसला, नळी काढून झटकली, नवी बॅटरी घातली. मशीनने शीळ घातली आणि आजोबांनी मान वर केली. पाच मिनिटांचे काम होते. तेवढ्यासाठी ते दोन महिने घरात कोंडून राहिले. ६ डिसेंबरच्या अभिवादन सभेलाही आले नव्हते. आणि त्या दोन महिन्यांत आम्हीही त्यांच्या दारात गेलो नाही, हेही इथे कबूल केले पाहिजे.

म्हणून या आठवड्याचा विषय आहे थंडी, कान आणि कानाचे मशीन.

थंडीने कान जातो काय?

आपल्या सोलापूरची थंडी काश्मीरची नव्हे. गार वारा कानात गेला म्हणून माणूस बहिरा होत नाही. पण थंडीत सर्दी-पडसे होते आणि तिथून कानाचे दुखणे सुरू होते. नाकाच्या मागून कानाच्या आतल्या पोकळीपर्यंत एक बारीक नळी जाते. सर्दीने ती सुजते, आतली हवा कोंडते आणि आपण म्हणतो, कानाला दडे बसले. सर्दी उतरली की हे दडे बहुधा आपोआप सुटतात. जोराने नाक शिंकरू नये. एकेक नाकपुडी हलकेच मोकळी करावी. मीठ-पाण्याच्या गुळण्या कराव्यात, वाफारा घ्यावा, अंगावर दुखणे काढू नये.

इथे एक धोक्याची सूचना आहे. सर्दी नाही, ताप नाही, पण सकाळी उठल्यावर एका कानाने अचानक ऐकूच येईना, कानात शिट्टी वाजते, चक्कर येते, असे झाले तर "थंडी बसली, जाईल चार दिवसांत" म्हणून थांबू नका. आतल्या नसेचे हे दुखणे असू शकते. दोन-तीन दिवसांच्या आत औषध सुरू झाले तर ऐकू येणे परत येण्याची आशा जास्त असते. महिन्याने गेलात तर डॉक्टरांच्याही हातात फारसे राहत नाही.

गरम तेल नको

थंडीत कान दुखला की आपल्या घरात पहिली धाव तेलाच्या वाटीकडे असते. लसूण घालून तेल कडकडीत करायचे आणि कोमट झाले असे समजून कानात सोडायचे. आई मायेनेच घालते, त्याबद्दल शंका नाही. पण कानाच्या पडद्याला आधीच भोक असेल तर ते तेल थेट आत उतरते. तेल जास्त गरम असेल तर आतली नाजूक कातडी भाजते. ओल्या कानात बुरशी धरते. आगपेटीची काडी, केसाची पिन, सायकलची तार यांनी कान कोरणे तर त्याहून वाईट. रस्त्यावर कान साफ करून देणाऱ्याच्या हातात आपला कान देऊ नये. कानातला मळ ही कानाची राखण आहे. तो साठून कान बंदच झाला तर डॉक्टरांकडून काढून घ्यावा.

आपल्या समाजाला या कानांची किंमत दुसऱ्या कोणी सांगायला नको. वेद कानावर पडला तर शूद्राच्या कानात वितळलेले कथील किंवा लाख भरावी, असा दंड गौतम धर्मसूत्राने सांगितला होता. असे सारे दंडक बाबासाहेबांनी 'शूद्र पूर्वी कोण होते' या १९४६ सालच्या ग्रंथात एकत्र करून जगापुढे मांडले. ज्या कानांवर इतका मोठा पहारा होता, ते कान आज मोकळे आहेत. त्यांत आपल्याच हाताने कढत तेल कशाला ओतायचे?

लेकरांचे कान

मुलांची नाकापासून कानापर्यंतची नळी आखूड आणि आडवी असते. म्हणून सर्दीचा जंतू कानात लवकर पोचतो. रात्री लेकरू एकाएकी किंचाळून उठते, कान ओढते, दूध घेत नाही, तेव्हा कान पाहून घ्यावा. बाळाला उताणे निजवून बाटली तोंडात देऊ नये. अंगावर पाजतानाही डोके थोडे वर धरावे. घरात विडी-सिगारेटचा किंवा चुलीचा धूर कोंडत असेल तर मुलांचे कान वारंवार दुखतात. बापाने बाहेर जाऊन विडी ओढली तरी धूर कपड्यांबरोबर घरात येतो. तेव्हा सोडलेली बरी.

कान वाहत असेल तर "मोठा झाला की थांबेल" असे म्हणू नये. स्वच्छ सुती कपड्याची वात करून कान हलकेच कोरडा करावा. डोक्यावरून अंघोळ घालताना व्हॅसलीन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी धरावा, अंघोळ झाली की काढून टाकावा आणि मुलाला दवाखान्यात न्यावे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त वाहणारा कान पडदा खातो आणि मग मूल वर्गात मागे पडते. बाईंना वाटते मूल मठ्ठ आहे. खरे तर त्याला फळ्यावरचे दिसते, पण बाईंचे ऐकू येत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की लहानपणीचा सुमारे ६० टक्के बहिरेपणा टाळण्याजोगा असतो. ही टाळण्याजोगी बहुतेक कारणे गरिबाच्याच घरात असतात. न्यूमोनियाची पीसीव्ही लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत मिळते. तिच्यामुळे कानाच्या काही जंतूंनाही आळा बसतो. बाळाचा एकही डोस चुकवू नका.

मशीनची हिवाळ्यातली काळजी

आता मशीनकडे वळू. मशीनचा पहिला शत्रू ओल. बाहेरच्या गारठ्यातून माणूस उबदार खोलीत शिरला, की चष्म्यावर जशी वाफ धरते तशी मशीनच्या नळीतही धरते. वरून मफलरखाली कानाला घाम येतो. त्या पाण्याचा एक थेंब नळीत अडकला तरी आवाज बंद. म्हणून रोज रात्री मशीन काढावे, कोरड्या मऊ फडक्याने पुसावे, बॅटरीचे दार उघडे ठेवावे आणि झाकणाच्या डबीत सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवून द्यावे. ही पुडी मशीनच्या दुकानात मिळते. आतल्या खड्यांचा रंग बदलला की पुडी बदलायची. नळीत थेंब दिसला तर साचा मशीनपासून सोडवून रबरी फुग्याने हवा मारावी. मशीन चुलीजवळ, गॅसजवळ, शेकोटीजवळ किंवा उन्हात वाळत घालू नये. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा मारू नये. तांदळाच्या डब्यातही पुरू नये, तांदळाचा भुगा आत जातो.

दुसरी गोष्ट बॅटरीची. मशीनच्या गोल बॅटरीवर रंगीत स्टिकर असतो. पिवळा, तपकिरी, नारिंगी, निळा, असे चार मापांचे चार रंग आहेत. आपला रंग घरातल्या सर्वांनी लक्षात ठेवावा, म्हणजे दुकानातून चुकीची येणार नाही. ही बॅटरी हवेतल्या प्राणवायूवर चालते. स्टिकर काढला की ती जागी होते आणि परत चिकटवला तरी झोपत नाही. म्हणून लागेल तेव्हाच स्टिकर काढावा. काढल्यावर तीन ते पाच मिनिटे बॅटरी तशीच उघडी ठेवावी आणि मग मशीनमध्ये घालावी. गारठ्यात तिचा जोर कमी पडतो आणि हिवाळ्याच्या कोरड्या हवेत ती लवकर सुकते. तेव्हा थंडीत एखादे पान जास्तीचे घेऊन ठेवावे. फ्रीजमध्ये ठेवू नये. पहाटे बाहेर जायचे असेल तर जोड बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवावी.

हीच बॅटरी घरातल्या लहान लेकराच्या हाती लागता कामा नये. गिळली तर ती अन्ननलिकेत अडकून दोन तासांत आतून भाजू लागते. अशा वेळी उलटी काढण्याच्या भानगडीत न पडता मुलाला उचलून थेट मोठ्या दवाखान्यात न्यावे.

तिसरी गोष्ट मफलर आणि कानटोपीची. मशीनचा माईक कानाच्या वरच्या बाजूला असतो. त्यावर लोकर घट्ट बसली की मशीन शीळ घालते आणि लोकरीची खरखर कानात वाजते. म्हणून टोपी सैल असावी, मऊ सुती कापडाची असली तर उत्तम. स्वेटर डोक्यातून घालायच्या आधी मशीन काढावे. कित्येक मशिने स्वेटरच्या बाहीत अडकून फरशीवर पडलेली आहेत. डोक्याला तेल, कपाळाला बाम, गळ्याला पावडर, जे काय लावायचे ते आधी लावावे, हात पुसावेत आणि मग मशीन. न्हाणीत वाफ असते, तिथे मशीन नेऊच नये.

६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. आपल्याकडची कितीतरी माणसे रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने दादरला जातात. खिडकीशी बसलात तर कान झाका. झोपताना मशीन काढून डबीत आणि डबी आतल्या खिशात ठेवा. "मला ऐकू येत नाही, दादर आले की हलवून उठवा," असे शेजाऱ्याला आधीच सांगून ठेवा. उतरण्यापूर्वी मशीन लावा, कारण त्या गर्दीत हाक ऐकू येणे फार गरजेचे असते.

आणि एक गोष्ट घरच्यांसाठी. कमी ऐकणारा माणूस निम्मे कानाने ऐकतो आणि निम्मे आपल्या ओठांवरून समजून घेतो. थंडीत आपण तोंडावर मफलर घेऊन बोलतो, तेव्हा त्याचे निम्मे ऐकणे आपणच बंद करतो. तोंड उघडे करा, समोर या, उजेडात या, सावकाश बोला. ओरडू नका. ओरडल्याने शब्द फाटतो आणि मनही फाटते.

मागाचा आवाज

आजोबांचा कान थंडीने गेला नव्हता, मागाने गेला होता. आठ तासांच्या कामाला ८५ डेसिबल ही सुरक्षित आवाजाची मर्यादा मानतात. त्यापुढे दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास. मागाच्या शेडमधला आवाज नव्वदीच्या पुढे असतो आणि पाळी बारा-बारा तासांची चालते. हिशेब तुम्हीच करा. हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तो आवाज कान खाणारा आहे असे समजावे. हा बहिरेपणा हळू येतो. आवाज येतो, पण शब्द कळत नाही. बायका-मुलांचे बारीक आवाज आधी जातात. थंडीच्या दिवसांत माणूस म्हणतो, सर्दीने दडे बसलेत. अशी दोन-चार थंड्या फसवणूक चालते. गेलेले ऐकणे परत येत नाही. राहिलेले तेवढे राखता येते.

कानात नुसता कापूस घालून फारसा उपयोग होत नाही. फोमचे किंवा रबराचे बोळे मिळतात, ते नीट आत बसवावेत. मालकाकडे मागावेत, न दिल्यास स्वतः घ्यावेत. मशीन लावणाऱ्याने मागावर मशीन लावून बसू नये. ते खडखडाटही वाढवून देते आणि सुताची धूळ माईकमध्ये जाते. आणि हो, आपल्या जयंतीच्या डीजेसमोर तान्हे लेकरू खांद्यावर घेऊन नाचणाऱ्या तरुणांनाही हेच सांगणे आहे.

मशीन कुठे मिळते?

बाजारात मशीनच्या किमती ऐकून गरीब माणूस पायरीवरूनच परत फिरतो. त्याआधी आपल्या सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, कान-नाक-घसा विभागात दाखवावे. ऐकण्याची तपासणी झाल्याशिवाय कोणाचेही मशीन, दुकानातले असो की वारलेल्या नातेवाइकाचे, कानाला लावू नये. अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढावे. केंद्र सरकारची अ‍ॅडिप योजना १९८१ पासून आहे. तिच्यात उत्पन्नाच्या अटीवर मशीन मिळते. साठीच्या पुढच्या गरीब वृद्धांसाठी २०१७ साली राष्ट्रीय वयोश्री योजना निघाली. ६५ वर्षांवरील वृद्धांना साहित्य घेण्यासाठी ३,००० रुपये देणारी मुख्यमंत्री वयोश्री योजना महाराष्ट्रात २०२४ साली सुरू झाली. अटी बदलत असतात, म्हणून समाजकल्याण कार्यालयात आधी चौकशी करावी आणि कागद घेऊनच जावे.

ज्यांच्याकडे ई.एस.आय.चे कार्ड आहे त्यांनी तिथेही विचारावे. ती सवलत कोणाची मेहेरबानी नव्हे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्याच काळात अडारकरांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल १९४४ साली दिला आणि त्यातून १९४८ चा कायदा आला. आपल्या भागातल्या लहान कारखान्यांतले कितीतरी कामगार अजून त्या कार्डापासून दूर आहेत. कार्ड मागणे हा आपला हक्क आहे.

लाज कसली?

चष्मा लावताना कोणी लाजत नाही. मशीन लावताना मात्र माणूस चोरी केल्यासारखा केस पुढे ओढतो. "बहिरा" म्हणून हिणवणारी जीभ बहुतेक वेळा आपल्याच घरातली असते. ती आधी आवरली पाहिजे.

३१ जानेवारी १९२० रोजी, अशाच थंडीच्या दिवसांत, बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. तो वाचता येणारे आपल्यात किती होते? वस्तीत एखादा वाचणारा असे आणि बाकीचे दिव्याभोवती बसून ऐकत. जलशातून, सभेतून, शाहिरांच्या तोंडून चळवळ आपल्या आजी-आजोबांपर्यंत पोचली ती कानांच्या वाटेने. भगवान बुद्धांचा धम्मसुद्धा आधी ऐकूनच जपला गेला. भिक्खू आनंदाने जे ऐकले ते सांगितले म्हणून तो आज आपल्या हाती आहे. असा हा कान. तो नीट ऐकेनासा झाला की माणूस हळूहळू घरातच परका होतो.

तेव्हा या रविवारी एक काम करावे. आपल्या घरात, आपल्या गल्लीत ज्यांच्याकडे मशीन आहे त्यांच्याकडे जावे. मशीन चालते काय, बॅटरी आहे काय, नळीत पाणी धरले आहे काय, एवढे पाहावे. विहाराच्या कपाटात चार रंगांच्या बॅटऱ्यांचे एकेक पान आणि सिलिका जेलच्या चार पुड्या ठेवल्या तरी पुष्कळ होईल. वर्गणी काढायला लागली तर ती फार मोठी नाही.

आमच्या गल्लीतले आजोबा या हिवाळ्यात पहिल्या रांगेत आहेत. मागच्या आठवड्यात प्रवचन चालू असताना त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "भन्तेजी, जरा सावकाश बोला, मला सगळं ऐकायचंय."

जय भीम.